एकमताने वगळलेले तळे

सगळे हात वर होते आणि एकच खाली होता.

सभागृहात गावाच्या समितीची सभा भरली होती. वर गेलेले हात आधी उत्साहाने गेले होते, मग सवयीने टिकले होते, आणि आता त्यांना रग लागू लागली होती. समितीचा सचिव म्हणजे कोपऱ्यावरचा औषधांचा दुकानदार. त्याने आपल्या उजव्या कोपराला डाव्या तळव्याचा टेकू दिला होता. कुणाच्या तरी मनगटावरचे सैल घड्याळ घरंगळत कोपरापाशी आले होते. मास्तरांचा हात मात्र मांडीवरच्या कागदांवर पालथा पडला होता, वाऱ्याने पान उडू नये म्हणून ठेवलेल्या दगडासारखा. आणि खोलीत वारा तर मुळीच नव्हता.

"मास्तर," अध्यक्ष अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "आम्ही थांबलोय."

ठराव साधा होता. गावाच्या इतिहासाचे पुस्तक छापायचे होते. मास्तरांनी ते लिहिले होते. त्यातून तळे वगळावे, एवढेच समितीचे म्हणणे होते.

हे गाव आता गाव उरले नव्हते, आणि शहरानेही त्याला पुरते गिळले नव्हते. ते शहराच्या घशात अडकून पडले होते. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला गोदामे, आणि मध्ये एक शाळा, काही जुनी बैठी घरे, काही नव्या उंच इमारती आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणारी एक गल्ली, जी अजूनही स्वतःला मुख्य रस्ता म्हणवून घेत असे. पण गावाला एका गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्याने शहराच्या हाती लागू दिला नव्हता. ती गोष्ट म्हणजे एकमत. फार पूर्वी एका बहुमताने गावाची दोन शकले केली होती. प्रश्न होता रस्त्यावरचा दिवा कुठल्या कोपऱ्यावर उभा करायचा एवढाच; पण हरलेल्या बाजूने जिंकलेल्यांच्या उजेडात पाऊल टाकायचे नाही अशी शपथ घेतली, आणि एक अख्खी पिढी अंधाऱ्या कडेने ठेचकाळत घरी जात राहिली. तेव्हापासून नियम झाला: समितीतले सगळे हात वर गेले तरच ठराव मंजूर, एक जरी हात खाली राहिला तरी विषय बारगळला.

नियमाला एक उपनियम होता. सभेत वर गेलेला हात म्हणजे संमती, मग तो कशासाठीही वर गेलेला असो. सलूनवाल्याने एकदा डास मारायला हात उचलला आणि त्याच्याच दुकानासमोर कचराकुंडी मंजूर झाली. त्या दिवसापासून समितीचे सभासद खाज सोसत, जांभई तोंड न झाकता देत, आणि एरवी बोलताना हातवारे करणारी माणसे सभेत हात मांडीखाली दाबून बसत.

इतिहासालाही हाच नियम लागू झाला, यात नवल नव्हते. गाव किती जुने, यावर काही जण तीनशे वर्षे म्हणाले, काही चारशे. साडेतीनशेवर सगळे हात वर गेले. दोन घराणी आपापल्या पूर्वजाने गाव वसवले म्हणून हटून बसली होती. शेवटी असे ठरले की दोघेही मूळपुरुष एकाच सकाळी समोरासमोरच्या दिशांनी आले, आणि आधी पाऊल तुम्ही टाका, असा आग्रह त्यांनी एकमेकांना केला.

"म्हणजे अजून दोघंही वेशीवरच उभे असतील," सलूनवाला म्हणाला होता. पण हात त्याने वर केला होता.

जुन्या काळातली एक साथ, जिने निम्मे गाव नेले होते, चर्चेअंती सौम्य करण्यात आली. मास्तरांनी हे सारे मुकाट्याने लिहून घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचे एक पुस्तक हवे असते. ही भूक भाकरीच्या भुकेहून सभ्य दिसते, पण पोटात तितकीच कुरतडते. मास्तरांच्या तारुण्यात त्यांची एक कविता एका मासिकात आली होती, आणि ते मासिक पुढच्याच महिन्यात बंद पडले होते. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, हे ते अजून लोकांना पटवून देत असत. आता निवृत्तीनंतर एवढे एक पुस्तक पदरात पडले की झाले, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी साथ सौम्य केली, मूळपुरुष वेशीवर उभे केले. कारण त्यांचा सारा जीव एका प्रकरणात होता, आणि त्या प्रकरणाला कुणी हात लावणार नाही अशा समजुतीत ते होते.

तळे गावाच्या खालच्या अंगाला होते. फार मोठे नव्हते. आकाश मावायला जेवढे पाणी लागते तेवढे त्यात होते. पहाटे त्यावर धुके असे बसे की काठच्या घरांना वाटावे, जग आपल्या उंबऱ्यापाशी संपते. मास्तरांचे वडील, अण्णा, त्या तळ्याचे राखणदार होते. सपाट बुडाच्या होडीत उभे राहून, लांब काठीने तळ रेटत, ते शेवाळ काढत, लव्हाळी कापत, पाणी ओसरले की गाळ उपसत. बांधाच्या तोंडाशी एक लाकडी दार होते. ते वर-खाली करून कुणाच्या बागेला किती पाणी जायचे हे अण्णा ठरवत. पाण्यावरून भांडणारी माणसे त्यांच्यापाशी येत आणि काठावर थोडा वेळ बसली की गढूळ पाण्यासारखी निवळून परत जात. अण्णांनी कधी कुणाचा हात मोजला नाही.

मग शहराला जागा कमी पडली. ट्रक आले आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा तळ्यात ओतू लागले. अण्णा काठावर उभे राहून पाहत. बांधलेली होडी आपली आपण हलत राही. एके दिवशी ती हलायची थांबली, कारण तिच्याखाली पाणी उरले नव्हते. ज्याचे कामच बुजवून टाकले त्या माणसाने सकाळी उठून काय करावे, हे अण्णांना कुणी सांगितले नाही, आणि विचारायला ते फार काळ राहिले नाहीत. थोरल्या मुलीची, म्हणजे ताईची, शाळा सुटली. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायला बसली, आणि त्या कॉलरींच्या जोरावर धाकटा भाऊ शिकून मास्तर झाला. ताईने लग्न केले नाही. मास्तरांची बायको गेल्यावर बहीण-भाऊ पुन्हा एका छपराखाली आले, तेव्हा दोघांचेही केस पांढरे झाले होते.

हे सगळे त्या प्रकरणात होते. मास्तरांनी ते ताईला वाचून दाखवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "लव्हाळ्याचा वास राहिला." त्यांनी तो घातला होता. आजच्या सभेला ती मुद्दाम आली होती, इस्त्री केलेले कपडे घालून, आणि शेवटच्या रांगेत बसली होती. श्रोत्यांना हात होते, मत नव्हते.

मास्तरांनी प्रकरण वाचले. आवाज दोनदा भरून आला. एकदा खरा, एकदा ठरवून.

"फार सुंदर," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या तोंडून 'फार सुंदर' निघाले की माणसे खुर्चीत सावरून बसत. "काय लेखणी आहे, मास्तर. फक्त एक शंका. हे तळं नक्की कुठे होतं म्हणता?"

"तुमच्या बैठकीच्या खोलीखाली," सलूनवाला म्हणाला.

हसू फुटले आणि लगेच विझले, कारण हसणाऱ्यांतले निम्मे त्याच इमारतीत राहत होते. इमारतीचे नाव तळेदर्शन होते.

"आता नावातच तळं आहे म्हटल्यावर," मास्तर चाचरत म्हणाले.

"नावाचं काय घेऊन बसलात? पलीकडच्या हिमशिखर इमारतीत बर्फ पडतो का?" अध्यक्ष म्हणाले.

"माझा जावई तळेदर्शनमधलं घर विकायला काढतोय," सचिव म्हणाला. "उद्या गिऱ्हाईक आलं आणि हे पुस्तक त्याच्या हाती पडलं, तर मी काय सांगू? आधीच तळघरात पाणी."

"पाणी नाही, ओल," अध्यक्षांनी दुरुस्ती केली. "मागच्याच सभेत ठरलंय."

"चुकलो. ओल."

"अहो, पण तुम्हीसुद्धा पोहलायत त्यात," मास्तर सचिवाकडे वळून म्हणाले. "बुडत होतात. अण्णांनी तुम्हाला केसांना धरून बाहेर काढलं होतं."

सचिवाने टकलावरून हात फिरवायला घेतला, सभेत आहोत हे आठवले, आणि हात परत मांडीवर ठेवला. "लहानपणीचं काय आठवतंय? कुठेतरी पोहलो असेन."

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले, "एक गोष्ट मी आधीच स्पष्ट करतो. अण्णांना आपण काढत नाही. अण्णांविषयी माझ्या मनात आदर आहे. अण्णा राहतील. फक्त तळ्याच्या जागी मैदान करू. गावाचं विस्तीर्ण मैदान, आणि अण्णा त्याचे राखणदार. राखणदार तो राखणदारच. पाण्याच्या जागी गवत, एवढाच काय तो फरक."

"आणि होडी?" मास्तरांनी विचारले.

अध्यक्ष विचारात पडले. त्यांनी होडीचा खरोखरच विचार केला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

"होडी तेवढी काढा," ते म्हणाले.

"काठी राहू द्या," सलूनवाला म्हणाला. "गुरं हाकलायला होईल."

या खेपेला कुणी हसले नाही. सूचना म्हणून ती वाईट नव्हती.

अध्यक्ष पुढे झुकले आणि त्यांनी आवाज खाली आणला. मुखपृष्ठावर मास्तरांचे नाव ठसठशीत अक्षरांत यावे असे त्यांनी छापखान्याला सांगून ठेवले होते. आत पूर्ण पानभर छायाचित्र. प्रकाशनाला शहरातले मोठे पाहुणे. ठराव एकमताने झाला तर दोन दिवसांत कागद छापखान्यात जातील. नाही झाला तर विषय पुढच्या समितीकडे. पुढची समिती म्हणजे काय हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. तिच्याकडे गेलेला विषय परत आल्याचे कुणी पाहिले नव्हते.

आणि हात वर गेले. आधी तळेदर्शनवाल्यांचे, मग त्यांच्या नातलगांचे, मग ज्यांना या सगळ्याशी काही देणेघेणे नव्हते आणि घरी जायचे होते त्यांचे. सलूनवाल्याचाही गेला, जीभ त्याची होती, पण डोकी गावाची होती.

तर आता एकच हात खाली होता.

मास्तरांनी मागे पाहिले नाही. शेवटची रांग त्यांच्या पाठीवर होती, उन्हासारखी. तो हात तसाच राहिला असता तर पुस्तक गेले असते, पण तळे राहिले असते. निदान कुणी ते नाही म्हटले नसते. एवढी एक गोष्ट त्यांच्या हातात होती, आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी शब्दशः. अशा वेळी मनात थोर विचार येतात असे त्यांनी वर्गात अनेकदा शिकवले होते. त्यांच्या मनात आले की छायाचित्रासाठी कोट घालावा की नुसता शर्ट.

खोलीत उकडत होते. घामाने चष्मा नाकावरून घसरला. मास्तरांचा हात कागदांवरून उठला. तो कुठे निघाला होता, हे त्यांना स्वतःलाही पुढे कधी नीट सांगता आले नाही. त्याने चष्म्याच्या दांडीला स्पर्श केला, हे खरे. चष्मा जागेवर बसला, हेही खरे. मग हात खाली यायला हवा होता. तो आला नाही. कानाच्या जरा वर, बोटे अर्धी मिटलेली, एखादा शब्द आठवत नसलेल्या माणसाचा असावा तसा तो हवेत राहिला, आणि मास्तर त्याच्याकडे असे पाहत राहिले की जणू तो शेजारच्याचा आहे.

"एकमत," अध्यक्ष म्हणाले.

झरझर हात खाली आले आणि त्याच हातांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर उन्हे कलली होती. ताई पुढे चालत होती. पन्नासेक वर्षे कॉलरींवर वाकून तिच्या पाठीला बाक आला होता, पण चाल अजून झपझप होती. मास्तरांना तिला गाठायला धाप लागली.

"ताई, मी चष्मा सारत होतो."

"हो का."

"खरंच. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"अध्यक्षांनी मोजून टाकला. आता सगळ्यांसमोर उठून वाद घालायचा म्हणजे बरं दिसलं नसतं. आणि नियम तो नियम."

"चष्मा सारायला किती वेळ लागतो रे?"

 दोघे तळेदर्शनपाशी आले होते. तळघराच्या तोंडाशी पंप धडधडत होता, आणि जाड नळीतून उपसलेले पाणी रस्त्यावर लोटत होते. गल्लीचा उतार तिकडेच होता. पाणी वळून, थोडे घुटमळून, पुन्हा तळघराच्या जाळीतून आत जात होते. पहारेकरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. त्याने ताईला पाहून हात पुढे केला.

"सांभाळून या हं, ताई. इथे ओल आहे."

ओल तिच्या घोट्यापर्यंत आली. ती त्यातून सरळ चालत गेली. मास्तर कडेच्या विटांवरून, तोल सावरत, एकेक पाऊल टाकत पलीकडे पोहोचले.

"अण्णा राहतायत ना पण," ते म्हणाले. "विचार कर. नाहीतर अण्णा पण गेले असते. पुस्तकच गेलं असतं. आता निदान छापील नाव राहील त्यांचं. शंभर वर्षांनी कुणी वाचेल."

"काय वाचेल?"

"की ते राखणदार होते."

"कशाचे?"

मास्तर खिशात किल्ली चाचपू लागले. घर आले होते.

पुढचे दोन दिवस त्यांनी खोलीचे दार लावून घेतले. कागद छापखान्यात जायचे होते, आणि तळे अजून ठिकठिकाणी साचलेले होते. एका परिच्छेदातून काढावे तर दुसऱ्यातून झिरपत असे. त्यांनी लव्हाळ्यांचे गवत केले. लाटांची झुळूक केली. बांधाच्या दाराचे फाटक केले. होडीवर आडवी रेघ मारताना त्यांचा हात थांबला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. मग रेघ मारली. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही, की मजकूर चांगला उतरला. गवताने त्यांना अशा प्रतिमा दिल्या ज्या पाण्याने कधी दिल्या नव्हत्या. पाण्याविषयी त्यांना ठाऊक होते, म्हणून ते जपून लिहीत. गवताविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते, त्यामुळे लेखणी मोकळी सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःशीच एक ओळ मोठ्याने वाचली आणि ते चक्क सुखावले. चांगल्या ओळीला चांगला कान लागतो, आणि तो कान घरात एकच होता.

ताई पुढच्या पायरीवर बसली होती. प्रकाशनासाठी मास्तरांचा पांढरा शर्ट तिने काढला होता आणि त्याची उसवलेली कॉलर ती शिवत होती. शिवायला सांगितले नव्हते. उसवलेले दिसले की तिच्याने राहवत नसे.

"ऐकतेस?" मास्तर दारात उभे राहून म्हणाले. "एवढंच वाचतो. 'पहाटेच्या धूसर प्रकाशात, अजून कुणाचेच पाऊल न उमटलेल्या त्या हिरव्या विस्तारात, एक माणूस एकटा चालत असे. गवताचे पाते न् पाते त्याला ओळखत असे.'"

सुई कापडातून गेली आणि बाहेर आली.

"'संध्याकाळी तो घरी परते तेव्हा त्याचे पाय भिजलेले असत.' हे मी ठेवलंय बघ. हे काढलं नाही."

"कशाने भिजलेले?" ताईने विचारले.

"दवाने."

"संध्याकाळी?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिले. त्यांनी खिशातून पेन काढले, 'संध्याकाळी' खोडले, 'सकाळी' केले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की सकाळी तर तो माणूस घराबाहेर पडतो. त्यांनी पेन तसेच हातात धरले.

"ते बघतो मी," ते म्हणाले. "छापखान्यात दुरुस्ती करता येते." मग पायरीवर तिच्या शेजारी, थोडे अंतर ठेवून बसले. "तुझी खुर्ची पहिल्या रांगेत सांगितली आहे. अध्यक्ष आपणहून म्हणाले. राखणदाराची मुलगी म्हणून तुझा सत्कार करायचा आहे त्यांना. पाहुण्यांना दोन शब्द सांगायचे, बस्. मैदान किती मोठं होतं, अण्णा किती जपायचे, असं काहीतरी. मी लिहून देतो. तुला नुसतं वाचायचंय."

ताईने टाका संपवला आणि दोरा दातांनी तोडला.

"तू बोललीस की लोकांना पटतं," मास्तर म्हणाले. "माझं म्हणजे लेखकाचं वाटतं. तुझं खरं वाटतं. कॉलर छान झाली गं. येशील ना?"

तिने सुई रिळात खोचली. शर्ट झटकला, मांडीवर घालून त्याची नीट घडी केली, कॉलर बोटांनी दाबून सरळ केली आणि तो मास्तरांच्या कागदांवर ठेवला. मग गुडघ्याला हात देऊन ती उठली. पायरीखालच्या चपला तिने पायात सरकवल्या.

"ताई, अण्णांसाठी म्हणून तरी. येशील ना?"

फाटक उघडून ती रस्त्यावर गेली आणि गावाच्या खालच्या अंगाला, पंप धडधडत होता तिकडे, चालू लागली.